गोठलेल्या सरोवरावर

छंद नाना प्रकारचे असतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी. कोणी पाखरांच्या मागे रानोमाळ हिंडतो, तर कोणी सह्याद्रीतील एकेक किल्ला चढून त्याची टिपणे करून ठेवतो. या उद्योगातून तुला मिळते तरी काय, असे लोक त्याला विचारतात. आणि त्याचे उत्तर छांदिष्टाला बहुधा देता येत नाही. तो नुसता हसतो आणि पुढच्या सुटीची वाट पाहू लागतो.

असाच एक छांदिष्ट मला सातासमुद्रापलीकडे भेटला. जेथे जेथे बर्फावरून मोटारींच्या किंवा मोटारसायकलींच्या शर्यती होतात, ते ते ठिकाण आपण स्वतः जाऊन पाहायचे, हा त्या गृहस्थांचा छंद! प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. परंतु त्यांच्याबरोबर दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांत मी दोन दिवस काढले आणि माझे हसू कोठल्या कोठे पळाले. त्या दोन दिवसांची हकीकत आज मी तुम्हांला सांगणार आहे.

माझी मुलगी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहते. मुख्याध्यापकाच्या जागेवरून निवृत्त झाल्यावर २०२४ च्या जानेवारीत मी प्रथमच तिच्याकडे गेलो. हे राज्य अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, कॅनडाला लागून आहे. तेथील मोटारींच्या नंबरपाट्यांवर ‘दहा हजार सरोवरे’ असे शब्द असतात. वाचणाऱ्याला ती अतिशयोक्ती वाटावी. पण खरा आकडा त्याहूनही मोठा आहे. दहा एकरांहून अधिक विस्ताराची ११,८४२ सरोवरे त्या राज्यात मोजलेली आहेत. हिवाळा आला की ती गोठतात. मग मुले त्यांवर घसरगुंडी खेळतात. माणसे बर्फावर लहानशा झोपड्या मांडतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून मासे धरतात. बर्फ पुरेसा जाड झाला म्हणजे लोक त्यावर मोटारीही घालतात.

मुलीच्या शेजारी ७६ वर्षांचे एक गृहस्थ एकटेच राहत. त्यांची उभी हयात मोटारदुरुस्तीच्या कामात गेलेली. बोटांची नखे तेलाने काळवंडलेली, उजवा गुडघा आखडलेला, हातात काठी. पण डोळ्यांत मात्र लहान मुलाची चमक. माझ्या अकरा वर्षांच्या नातीशी त्यांची गाढ मैत्री होती. मी शाळेत शिकवीत असे हे तिच्याकडून कळल्यापासून ते मला ‘हेडमास्तर’ म्हणूनच हाक मारू लागले.

एके दिवशी त्यांनी आम्हां दोघांना घरी बोलावले आणि एक जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली वही पुढे ठेवली. वहीच्या प्रत्येक पानावर एकेका ठिकाणाची नोंद होती. सर्वांत वर क्रमांक, मग गावाचे नाव, तारीख, त्या दिवसाची हवा, बर्फाची जाडी, आणि त्याखाली आपण काय पाहिले त्याचे चार-सहा ओळींचे वर्णन. शेवटच्या पानावर क्रमांक होता ४९.

“अमेरिकेत आम्हां लोकांना ट्रॅकचेसर म्हणतात,” ते म्हणाले. “ट्रॅकचेसर म्हणजे शर्यतीच्या मार्गांचा माग काढीत हिंडणारा. हजारांहून अधिक मार्ग पाहिलेले लोकही आमच्यात आहेत. ते डांबराचे, मातीचे, सगळेच मार्ग मोजतात. मी मात्र फक्त बर्फाचे मोजतो.”

“कोणी तपासायला येतं का?” नातीने विचारले.

“कोणीही नाही,” ते हसून म्हणाले. “नियम एकच आहे. शर्यत आपल्या डोळ्यांनी पाहिली, तरच ते ठिकाण मोजायचे.”

मग त्यांनी एकेक पान उलटीत आम्हांला आपल्या घरातूनच जगाची सफर घडवली.

पहिले पान होते शेजारच्याच विस्कॉन्सिन राज्यातील ईगल रिव्हर या गावाचे. तेथे १९६४ पासून स्नोमोबाइलच्या शर्यती होतात. स्नोमोबाइल हे बर्फावरचे वाहन. त्याला पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या असतात आणि मागे रबराचा रुंद पट्टा फिरत असतो. तेथील वाटोळा मार्ग अर्ध्या मैलाचा. जमिनीवर पाण्याचे थरावर थर गोठवून तो तयार करतात.

पुढचे एक पान जर्मनीतील इन्झेल या डोंगराळ गावाचे होते. तेथे बर्फावर मोटारसायकली धावतात. या मोटारसायकलींच्या चाकांना पोलादी खिळे जडवलेले असतात. प्रत्येक खिळा जवळजवळ बोटाच्या एका पेराएवढा लांब. गाडीला ब्रेक नसतो! एका वेळी चार स्वार सुटतात आणि चार फेऱ्या घालतात. सगळी वळणे डावीकडे. वळणावर स्वार गाडी इतकी कलती करतो, की तिच्या मुठीचे टोक बर्फाला लागेल की काय असे वाटावे. डावा गुडघा बर्फावर घासतो. म्हणून त्यावर जुन्या टायरचा तुकडा बांधतात. कडेला गवताच्या भाऱ्यांची जाड भिंत रचलेली असते. या खेळातील वैयक्तिक जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९६६ मध्ये सुरू झाली आणि सोव्हिएत संघाचा गब्दरखमान कादिरोव्ह याने ती पहिल्याच वर्षी जिंकली. पुढे आणखी पाच वेळा त्यानेच ती जिंकली.

नेदरलँड्समधील हेरेनव्हेन गावाच्या पानावर त्यांनी कंसात लिहिले होते, “डोक्यावर छप्पर. कोट काढावा लागला.” तेथील थिआल्फ नावाच्या क्रीडागृहात जमिनीखालून नळ्या घालून बर्फ गोठवतात. १९८६ मध्ये त्यावर छप्पर आले. बाहेर पाऊस पडो की ऊन, आत बर्फ तयारच. कझाकस्तानमधील अल्माटी शहराजवळचे मेदेऊ मात्र उघड्या आभाळाखाली, समुद्रसपाटीपासून १,६९१ मीटर उंचीवर, पर्वतांच्या कुशीत आहे.

फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील व्हाल तोरान्सचे पान त्यांनी विशेष अभिमानाने उघडले. फ्रान्समध्ये १९९० पासून २०२४ पर्यंत ‘अँड्रॉस करंडक’ नावाची बर्फावरील मोटारशर्यतींची मालिका चालू होती. फॉर्म्युला वन या शर्यतीत चार वेळा जगज्जेता ठरलेला अ‍ॅलेन प्रॉस्ट निवृत्तीनंतर तेथे आला आणि त्याने हा करंडक तीनदा जिंकला. शेवटच्या वर्षांत तर तेथे विजेवर चालणाऱ्या मोटारी धावत. “आवाज फक्त खिळ्यांचा,” वहीत लिहिले होते. “कोणी हजार काचा एकदम खरवडाव्यात तसा.”

“मग यांतले सर्वांत आवडते ठिकाण कोणते?” मी विचारले.

त्यांनी वही मिटली. “सरोवर, हेडमास्तर! कोणतेही गोठलेले सरोवर. कारखान्यातला बर्फ केव्हाही करता येतो. सरोवरावरचा मार्ग माणूस आखतो खरा, पण तो बांधतो हिवाळा. मार्च-एप्रिलमध्ये तो पाण्यात विरघळून जातो. ज्या मार्गावर तुम्ही शर्यत पाहिली, तो पुन्हा कोणालाच पाहता येत नाही.”

नात विचारात पडली. मग तिने एक प्रश्न केला, जो तुमच्याही मनात आला असेल. “सरोवर तळापासून वर का गोठत नाही? वरूनच का गोठतं?”

त्याचे उत्तर मला येत होते, म्हणून ते मीच दिले. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात आणि जड होतात. पाणीही आकसते, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा फुगू लागते. म्हणून ४ अंशांचे पाणी सर्वांत जड. ते तळाशी बसते, आणि त्याहून थंड पाणी वर तरंगते. शून्य अंशाला वरचे पाणी गोठते. गोठताना ते आणखी नऊ टक्क्यांच्या आसपास फुगते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. खाली मासे जिवंत राहतात आणि वर माणसे चालतात. पाण्याच्या या एका लहरीवर सरोवरातील सारी जीवसृष्टी तगून आहे.

माझ्या उत्तरात त्यांनी आपल्या अनुभवाची भर घातली. सगळा बर्फ सारखा नसतो. पाणी संथपणे गोठून झालेला बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालच्या काळ्या पाण्यामुळे काळा दिसतो. तोच खरा मजबूत. बर्फावर पडलेला हिमकण भिजून पुन्हा गोठला, की पांढरा बर्फ तयार होतो. त्यात हवेचे बुडबुडे असतात. त्याचे बळ काळ्या बर्फाच्या निम्मे. काळा बर्फ ४ इंच असेल तर माणसाने पायी जावे; ५ ते ७ इंच असेल तर स्नोमोबाइल न्यावी; लहान मोटारीला ९ ते १० इंच तरी हवा. अनेक मोटारी धावायच्या आणि प्रेक्षकही जमायचे, तर त्याहून पुष्कळ अधिक. त्यावर साचलेला भुसभुशीत हिमाचा थर गोधडीसारखा असतो. तो वरची थंडी खाली पोहोचू देत नाही. म्हणून शर्यतीचा मार्ग आखणारे लोक आधी हिम बाजूला लोटतात, म्हणजे खालचा बर्फ वेगाने जाड होतो.

“आणि एवढे सगळे केले तरी,” ते म्हणाले, “शेवटचा शब्द हवेचा असतो.”

त्या वर्षी हवेचा शब्द फारसा चांगला नव्हता. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतील सर्वांत उबदार हिवाळा ठरला. जानेवारी संपता संपता दिवसा हवा शून्याच्या कितीतरी वर जाऊ लागली. दक्षिणेकडील सरोवरांवरचे खेळ एकामागून एक रद्द होत होते. उत्तरेकडील एका सरोवरावर मात्र शर्यत ठरलेली होती. बर्फ पहाटे मोजून मगच अखेरचा निर्णय होणार होता. ते सरोवर त्यांनी यापूर्वी कधीच पाहिले नव्हते. ती त्यांची पन्नासावी नोंद होणार होती!

“पन्नासावी नोंद तू तुझ्या हाताने लिही,” असे त्यांनी माझ्या नातीला वचन दिले. ती आठ दिवस आधीपासून चांगले अक्षर गिरवीत बसली.

आम्ही रात्रीच्या तीन वाजता निघालो. त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडी माझ्या जावयांनी चालवली. थर्मासमध्ये चहा होता, डब्यात थालीपिठे होती. अंधारातून दोनशे मैल कापून आम्ही पोहोचलो तेव्हा नुकते उजाडत होते. काठावर शर्यतीच्या मोटारी रांगेत उभ्या होत्या. जुन्या, लहान, रंगवलेल्या. प्रत्येकीच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, म्हणजे गाडी उलटली तरी चालक सुरक्षित राहावा. सरोवरावर हिम लोटून आखलेला मार्ग दिसत होता. वळणे घेत घेत तो दूरवर गेला होता आणि दोन्ही कडांना हिमाचे बांध होते. सगळे कसे सज्ज होते!

इतक्यात दोन माणसे बर्फ भोसकण्याचा मोठा गिरमिट घेऊन आत गेली. दर पन्नास पावलांवर ती भोक पाडीत, त्यात मोजपट्टी घालीत आणि कागदावर लिहीत. आम्ही सारे श्वास रोखून काठावर उभे. ती माणसे परत आली. बर्फ ठिकठिकाणी दहा-अकरा इंच भरला होता. पण वरचे चार इंच पांढरे, मऊ आणि पाण्याने भरलेले होते. काठाजवळ तर बर्फ आणि जमीन यांच्यामध्ये पाणी चकाकत होते. शर्यत रद्द झाली.

कोणी आरडाओरड केली नाही. काही तरुण चालक मात्र खट्टू झाले. एक जण म्हणाला, “निदान दोन फेऱ्या हळूच घालू.” त्यावर गिरमिट धरलेल्या माणसाने शांतपणे मान हलवली. गाडी चालू लागली की तिच्या भाराने बर्फ किंचित खाली दबतो आणि त्याखालच्या पाण्यात लाट उठते. पातळ बर्फाला ती लाट फोडू शकते. हे त्या तरुणालाही ठाऊक होते. तो मुकाट्याने आपली गाडी ट्रकवर चढवू लागला.

माझी नात मात्र रडवेली झाली. तिच्या मांडीवर वही उघडी होती आणि हातात पेन्सिल होती. ती म्हणाली, “पण आपण आलो ना इथे? मार्ग तर पाहिला! गाड्याही पाहिल्या! मी लिहू का ५०?”

खरे सांगायचे तर क्षणभर माझ्याही मनात आले, की लिहू द्यावे. तिन्हीसांजेपासून न झोपलेली पोर, दुखऱ्या गुडघ्याचा ७६ वर्षांचा म्हातारा, दोनशे मैलांचा प्रवास! पुढच्या हिवाळ्यात हे गृहस्थ येऊ शकतील याची तरी कोणी हमी द्यावी? आणि वही तपासणार होते कोण?

त्या वृद्ध गृहस्थांनी तिच्याकडे पाहिले आणि खिशातून रुमाल काढून तिचे डोळे पुसले. मग म्हणाले, “लिही. पण जे झाले ते लिही.”

त्यांनी सांगितले आणि तिने लिहिले. तारीख. सरोवराचे नाव. ‘आलो. बर्फ कच्चा. शर्यत झाली नाही.’ क्रमांकाची जागा त्यांनी कोरी ठेवायला सांगितली.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मीच विचारले, “तुम्हांला वाईट नाही वाटले?”

“वाटले की! फार वाटले,” ते म्हणाले. “पण हेडमास्तर, या वहीत एकोणपन्नास आकडे आहेत. त्यांपैकी एकेक मी डोळे मिटून पुन्हा पाहू शकतो. आज मी पन्नास लिहिले असते, तर तो आकडा मिटल्या डोळ्यांनी कधीच दिसला नसता. आणि एक खोटा आकडा वहीत शिरला, की बाकीच्या एकोणपन्नासांवरही माझा विश्वास राहिला नसता.”

मी गप्प झालो. छत्तीस वर्षे मी शाळेचा हजेरीपट सांभाळला. हजर तो हजर, गैरहजर तो गैरहजर, असे वर्गावर्गांतून बजावून सांगितले. तरी त्या पहाटे माझे मन डळमळले होते. आणि ज्यांच्या वहीवर कोणाचीही सही लागत नव्हती, त्यांचे मन ढळले नव्हते.

दुसऱ्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, पुन्हा मिनेसोटाला जाण्याचा योग आला. या खेपेस थंडी कडाक्याची होती. उणे २५ अंशांच्या हवेत नाकातला श्वास गोठतो की काय, असे वाटे. ते गृहस्थ आता ७७ वर्षांचे झाले होते. एका काठीच्या दोन काठ्या झाल्या होत्या. पण त्याच सरोवरावर शर्यत ठरल्याचे कळताच त्यांनी आमच्या दारावर टकटक केली.

पुन्हा तीच रात्र, तोच रस्ता, तोच थर्मास. पुन्हा तोच गिरमिट. या वेळी मोजपट्टीने वीस इंचांहून अधिक काळा, टणक बर्फ दाखवला. आम्ही बर्फावर उतरलो. पायांखालून मधूनच दबलेला, गंभीर असा गडगडाट येई. नात मला बिलगली. “घाबरू नकोस,” ते म्हणाले, “थंडीने बर्फ ताणला जातो, तेव्हा तो असा बोलतो. जाड बर्फही बोलतो.”

हिरवे निशाण हलले आणि वीस-बावीस गाड्या एकदम सुटल्या. पुढच्याच क्षणी त्या दिसेनाशा झाल्या! चाकांनी उधळलेल्या हिमाचा ढग उठला होता आणि त्यात प्रत्येक गाडीच्या पाठीवरचा प्रखर दिवा तेवढा लुकलुकत होता. मागच्याला पुढचा दिसावा म्हणून तो दिवा. ढग विरला तेव्हा पहिल्या वळणावर निळी गाडी सर्वांच्या पुढे होती. ती भरधाव वळणात शिरली आणि सरळच चालू लागली. चाके वळली होती, गाडी वळली नव्हती. ती हिमाच्या बांधावर जाऊन रुतली. मागून एक जुनी लाल गाडी आली. वळण यायच्या कितीतरी आधी तिने वेग कमी केला, अंग किंचित तिरके केले, आणि घसरत घसरतच ती वळणातून अलगद बाहेर पडली. मग मात्र तिने असा वेग घेतला, की पाहता पाहता चार गाड्यांना मागे टाकले.

“पाहिलेत?” वृद्ध गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले. “वळणात शिरताना जो घाई करतो, तो वळणातून बाहेर पडताना मागे पडतो. बर्फावर शूर पुष्कळ येतात. जिंकतो तो सबुरीचा.”

फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. गाड्यांच्या चाकांनी वळणांवरचा बर्फ आरशासारखा गुळगुळीत झाला, तेव्हा जाणते चालक ती चकाकती वाट सोडून कडेच्या खरखरीत हिमावरून जाऊ लागले. लांबची वाट, पण चाकांना पकड देणारी. शेवटी चौकटीचे निशाण पडले. लाल गाडी पहिली आली. रुतलेली निळी गाडीही लोकांनी ओढून काढली होती. तिने सर्वांच्या शेवटी फेरी पुरी केली, आणि टाळ्या तिलाही तितक्याच मिळाल्या.

आम्ही गाडीत येऊन बसलो. थंडीने नातीची बोटे वळत नव्हती. त्यांनी तिला आपले हातमोजे दिले आणि बोटांत ऊब येईपर्यंत सारे थांबलो. मग तिने वही उघडली. गेल्या वर्षीची ती बिनक्रमांकाची नोंद समोरच होती. तिने ती एकदा वाचली. तिच्याखाली तारीख घातली, सरोवराचे नाव घातले, हवा आणि बर्फाची जाडी लिहिली, आणि सर्वांत शेवटी वरच्या कोपऱ्यात सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिले : ५०.

त्यांनी वही हातात घेतली, चष्मा नीट केला आणि पान पाहिले. पन्नासच्या आकड्यापेक्षा ती वरची कोरी जागाच ते अधिक वेळ पाहत होते.

“या पानाची मला फार काळजी होती,” ते म्हणाले. “आता ते पुरे झाले.”

वसंत ऋतू संपता संपता ते सरोवर पुन्हा पाणी झाले असेल. ज्या मार्गावर लाल गाडी पहिली आली, तो आता कोठेही नाही. तो उरला आहे तो एका जुन्या वहीत, आणि तो पाहणाऱ्या आम्हां चौघांच्या डोळ्यांत.

शब्दार्थ

छांदिष्ट : एखाद्या छंदाने झपाटलेला. हयात : आयुष्य. अजिंक्यपद : स्पर्धेतील सर्वश्रेष्ठ विजेत्याचा मान. गिरमिट : भोक पाडण्याचे हत्यार. खट्टू होणे : निराश होणे. डळमळणे : स्थिर न राहणे. हजेरीपट : विद्यार्थ्यांच्या उपस्थितीची नोंद ठेवण्याचे पुस्तक. सबुरी : धीर, संयम.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा.
(अ) वृद्ध गृहस्थांच्या वहीत प्रत्येक ठिकाणाविषयी कोणकोणती माहिती असे?
(आ) त्यांना कारखान्यातील बर्फापेक्षा सरोवराचा बर्फ अधिक का आवडे?
(इ) पहिल्या वर्षी शर्यत का रद्द झाली?
(ई) निळी गाडी का रुतली आणि लाल गाडी पुढे का गेली?

२. कारणे द्या.
(अ) सरोवर तळापासून न गोठता वरून गोठते.
(आ) मार्ग आखताना बर्फावरील हिम बाजूला लोटतात.
(इ) शर्यतीच्या गाडीच्या पाठीवर प्रखर दिवा लावतात.

३. ‘एक खोटा आकडा वहीत शिरला, की बाकीच्या एकोणपन्नासांवरही माझा विश्वास राहिला नसता,’ या उद्गारांचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दसमूहांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : श्वास रोखणे, माग काढणे, मन डळमळणे, हमी देणे.

५. तुमच्या एखाद्या छंदाची वही तयार करा. महिनाभर तीत नोंदी करा. जे घडले नाही तेही प्रामाणिकपणे लिहा.